शेळीची वेते आणि तिची विश्रांती

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्या शिबिरातील व्याख्यान)



शेळीला गरिबाची गाय म्हणतात. दुष्काळी टापूतील भूमिहीन कुटुंबाला अडीअडचणीला जो रोख पैसा मिळतो, तो पुष्कळदा करडू विकूनच. म्हणून शेळीपालनाचा विषय निघाला की, दोन वर्षांत तीन वेते घ्या, असे आपण सर्वत्र सांगतो. हे सूत्र चुकीचे नाही. मात्र ते कोणत्या अटींवर खरे ठरते, हे क्वचितच सांगितले जाते. आज त्या अटींविषयीच बोलावयाचे आहे.

शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते. व्याल्यानंतर तीन महिन्यांनी ती पुन्हा फळविली, तर दोन वेतांत आठ महिन्यांचे अंतर पडते. धाराशिव भागातील उस्मानाबादी आणि अहिल्यानगर, नाशिक भागातील संगमनेरी या शेळ्या बहुधा बाराही महिने माजावर येतात. एक माज हुकला तरी सुमारे तीन आठवड्यांनी दुसरा येतो. म्हणजे निसर्गाची आडकाठी नाही. आता हा हिशेब आपल्या ऋतुमानावर बसवून पाहू. जूनच्या मध्यास फळलेली शेळी नोव्हेंबरात विते. फेब्रुवारीत पुन्हा फळली तर जुलैत, आणि ऑक्टोबरात फळली तर पुढील मार्चमध्ये.

यांपैकी नोव्हेंबरचे वेत सुखाचे. पावसाळाभर शेळी हिरव्या पाल्यावर पोसलेली असते. जुलैचे वेत मात्र कोरडवाहू गावात फार अवघड जाते. गर्भाची बहुतांश वाढ अखेरच्या दीड महिन्यात होते आणि तो दीड महिना रान उघडे पडलेले असताना, मे अखेर व जूनमध्ये येतो. उस्मानाबादी शेळीच्या पोटात तर पुष्कळदा जुळे असते. पोटभर न मिळाल्यास ती अंगावरची चरबी झिजवून गर्भ पोसते. कित्येकदा व्यायच्या आधीच खाणे सोडून बसते व उठत नाही. व्यालीच तर दूध बेताचे, करडे अशक्त, त्यात पावसाची ओल. अशी करडे दगावली म्हणजे तिसऱ्या वेताचा लाभ कागदावरच राहतो. योजनेच्या अहवालात किती शेळ्या व्याल्या याचा आकडा असतो. तीन महिन्यांनंतर किती करडे जगली, हे विचारले तर चित्र पुष्कळ वेगळे दिसेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, शेवरी, सुबाभूळ वा लसूणघास आणि रोजचा खुराक ज्यांच्याकडे उन्हाळ्यातही आहे, त्यांनीच तीन वेतांच्या मागे लागावे. इतरांनी नोव्हेंबरात व्यालेली शेळी फेब्रुवारीत फळवू नये, जूनपर्यंत थांबावे. जुळी पाजून खंगलेल्या आणि भरपूर दूध देणाऱ्या शेळीला वर्षास एकच वेत पुरे. शेळी भरली की नाही, हे ठरविण्यास काट्याची गरज नाही. पाठीच्या कण्यावर हात फिरवावा. मणके टोकदार लागले तर तिला अजून अवकाश द्यावा. गाभण शेळीचे दूध व्यायच्या दोन महिने आधी आटवावे. पाठीचे वजन पूर्ण वाढलेल्या शेळीच्या दोनतृतीयांश होईपर्यंत तिला बोकडापासून दूर ठेवावे, नाहीतर तिची स्वतःची वाढ खुंटते.

खरी अडचण बोकडाची आहे. तो कळपात मोकळा असेल तर वरील सारा विचार व्यर्थ. शेळी व्याल्यावर दीड-दोन महिन्यांतही फळू शकते. घरोघरी बोकड वेगळा बांधणे गरिबाला परवडत नाही. येथे पंचायतीने पुढे यावे. २०-२५ शेळ्यांमागे एक निवडक बोकड सामाईक ठेवावा, नको असलेल्या नरांचे वेळीच खच्चीकरण करून घ्यावे आणि दर दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी बोकडाची अदलाबदल करावी, म्हणजे बापलेकींचा संकर टळेल. शिक्षकांनी मुलांकडून एक वही ठेववावी: शेळी कोणत्या तारखेला फळली, कधी व्याली, किती करडे झाली आणि तीन महिन्यांनी त्यांतली किती उरली.