घर आणि शेजार



घराविषयी बोलू लागलो म्हणजे आपण भिंती, छप्पर आणि किंमत यांविषयी बोलतो, शेजाराविषयी क्वचितच. वस्तुतः शेजाराने थारा दिला नाही, तर नुसत्या भिंतींचे घर होत नाही. हे सांगण्यासाठी मी आज एकच घर घेणार आहे. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ ते हे.

पण या घराची हकिगत दादरला सुरू होत नाही, बडोद्यास होते. १९१७ साली परदेशी शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात घरांचा तोटा नव्हता. पण अस्पृश्याला जागा कोण देणार? पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास फर्मावले. एका हिंदू मित्राकडे गेले, एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. दोघांनीही अडचण सांगितली. रात्री नऊच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढा विद्वान माणूस आणि त्याला आसरा सार्वजनिक बागेचा!

आता मुंबईकडे वळू. १८९६ साली तेथे प्लेग आला, आणि अंधारी, कोंदट घरे किती घातक असतात हे सरकारला उमगले. १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. परळसारख्या भागात चाळी बांधल्या. आणि बेटाच्या उत्तरेस, दादर-माटुंग्याच्या शेतांवर व सखल जमिनींवर, उपनगरासारखी नवी वस्ती आखली. रस्ते आधी, घरे मागाहून, प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा, मधूनमधून उद्याने.

परळची चाळ आणि दादरचा प्लॉट ही एकाच ट्रस्टची दोन अपत्ये. आंबेडकरांनी दोन्ही पाहिली. कित्येक वर्षे ते परळला ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत राहिले आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दादरला स्वतःचे घर बांधून तेथे गेले. घर बांधताना त्यांना मुख्य चिंता होती ती ग्रंथांची. वरचा मजला ग्रंथसंग्रहाला आणि अभ्यासाला दिला. या घराला सुखाचे दिवस मात्र थोडेच लाभले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई येथेच निवर्तल्या.

नावाकडेही लक्ष द्या. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेली. वसाहतीच्या नावात एक धर्म, घराच्या नावात दुसऱ्याची आठवण! ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड हिंदू कॉलनीतच होते. आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांची अंत्ययात्रा याच दारातून निघाली, तेव्हा ज्यांना त्या रस्त्यावर घर मिळण्याची आशा नव्हती अशा लाखोंनी तो रस्ता भरून गेला.

ट्रस्टने रस्त्याची रुंदी ठरविली, मोकळ्या जागेचा नियम केला. समोरच्या भिंतीने आपला उजेड अडवू नये, हे कायद्याने साधते. समोरच्या माणसाने आपला उंबरठा अडवू नये, हे मात्र नकाशात कोणत्या रेघेने दाखवावयाचे? जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारातील कुंड्या आणि खिडक्यांच्या काचा फोडल्या गेल्या. काचा नव्या बसविता येतात. फोडणारे मन कोणत्या सुताराकडे न्यावे?

मित्रहो, बडोदे दूर आहे असे समजू नका. आपल्या सोसायटीत एखादी जागा रिकामी होते. विचारावयास येणाऱ्याचे भाडे ठरण्यापूर्वी आपण त्याचे आडनाव विचारतो, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतो. आणि मग मोठ्या सौजन्याने सांगतो, “जागा आताच गेली.” त्या क्षणी आपण एका माणसाला कामाठी बागेत धाडलेले असते.

नगररचनाकार आपल्याला हवा देईल, उजेड देईल, झाडेही देईल. शेजार मात्र आपला आपणच द्यावयाचा असतो. पुढच्या खेपेस कोणी जागा विचारावयास आला, तर एवढे आठवावे, इतकीच माझी विनंती आहे.