आधी शरीराची व्हाउचर तपासा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे. उभी हयात बँकेत गेली. तिथं एक शिस्त असते. संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर लगेच कॅशियरवर संशय घ्यायचा नाही. आधी व्हाउचर तपासायची. घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण उलट करतो. नातू अभ्यासात मागे पडला की ‘आळशी’, सूनबाई गप्प राहिल्या की ‘तोऱ्यात’, आजोबा विसरले की ‘वय झालं’. शरीराची व्हाउचर कुणी बघतच नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी असलं की नुसता दम लागत नाही. लक्ष लागत नाही, चिडचिड होते. थायरॉईड मंदावलं की माणूस सुस्त, उदास होतो.

आता आम्हा ज्येष्ठांचं. बी-१२ कमी झालं की विसरायला होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ते तपासून घ्यावं. एखादे आजोबा एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणू नका. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होणं, असं काही कारण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कान! ऐकू येईना की माणूस चारचौघांत बसणं टाळतो, एकटा पडतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीनं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे १४ घटक सांगितले. बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, व्यायामाचा अभाव, एकटेपणा हे त्यातलेच. चष्म्याची लाज वाटत नाही, मग कानाच्या यंत्राचीच का?

कोल्हापूरला हे नवं नाही, बघा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पेठेतली तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हता. आत पोरं घाम गाळायची, बाहेर कट्ट्यावर वडीलधारी बसायची. शरीर आणि मन, दोन्हीची सोय एकाच जागी. फ्लॅटमध्ये आलो आणि तो कट्टा मागं राहिला.

म्हणून तीन सूचना. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. रंकाळ्यापर्यंत जमत नसेल त्यांनी आवारात फेऱ्या माराव्यात आणि शेजाऱ्यानं सोबत करावी. वर्षातून एकदा सोसायटीत रक्त, रक्तदाब, डोळे आणि कान तपासणीचं शिबिर घ्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि खाली दोन बाकडी करा.

पंचवीस वर्षं आपण इमारतीची देखभाल केली. आता आत राहणाऱ्यांचीही करूया.