छपरावरची तबकडी आणि तंजावरचा पाऊस



१९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांनी ३ मीटर व्यासाच्या, जाळीच्या तबकड्यांद्वारे उपग्रहावरील कार्यक्रम पाहिले. त्यात तामिळनाडू नव्हते. आज तंजावरमध्ये ६० सेंटिमीटरची तबकडी पुरते. उपग्रह अधिक शक्तिशाली झाले आणि केयू बँडमधील तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटरच आहे. मात्र या आखूड लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात. त्यामुळे ईशान्य मोसमी पावसात, वादळाचे इशारे हवे असतात तेव्हाच चित्र तुटते.

यावर घरी एलएनबी उघडणे हा उपाय नव्हे. आत ओल शिरून तो निकामी होतो. उपयोगी पडतात ते बाहेरचे तीन बदल. पहिला, ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ साठी आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर अचूक रोख. दुसरा, एलएनबी पकडीत किंचित फिरवून ध्रुवीकरण जुळविणे. तिसरा, ९० सेंटिमीटरची तबकडी. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने सुमारे साडेतीन डेसिबल वाढ मिळते.

ही वाढ मध्यम सरींत तारून नेते, मुसळधार पावसात नाही. म्हणून चक्रीवादळाच्या दिवसांत तबकडीसोबत बॅटरीवरचा रेडिओही घरात असावा.