शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वीं



सावकाराचा कागद न वाचतां अंगठा देऊन आपल्या वाडवडिलांनीं जमिनी घालविल्या. तीच चूक आपण दवाखान्यांत करूं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

ओझीं वाहणाऱ्या आपल्या लोकांत अंतर्गळ पुष्कळांस होतो. लाजेनें तो लपवूं नका. गांठ आंत जाईनाशी झाली, ठणका लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आंतडें अडकलें असेल असें समजून त्याच दिवशीं इस्पितळ गांठा.

सर्जनकडे जातांना जुने कागद व चालू औषधें बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, तंबाखू, दारू, कांहींएक लपवूं नका. भुलीच्या वेळीं तें जिवावर बेततें. आपल्या मनानें गोळी बंदही करूं नका. भुलीपूर्वीं निदान ६ तास अन्न नको. दूधही अन्नच होय.

मग विचारा: शस्त्रक्रिया कां? न केल्यास काय? धोका कोणता? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना येथें लागू आहे काय? नसल्यास खर्च किती? नांगर पुन्हां केव्हां धरावा?

वाचतां येत नसेल तर कागद वाचवून घ्या. विचारणें हा डॉक्टरांचा अपमान नव्हे, आपला हक्क आहे. अंगठा आपला, तसा देहही आपलाच.