पदवीनंतर, खारदांड्यात

पदवी हाती आली की घरोघर विचारतात, ‘आता पुढे काय?’ खारदांड्याच्या कोळीवाड्यात त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: नोकरी की मासेमारी? दोन्हींचा मेळ घालता येतो. जवळच वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. तिथल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बहुतेक विषयांना मत्स्यशास्त्राची पदवी लागते. ती रत्नागिरीजवळ शिरगावच्या महाविद्यालयात मिळते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना मासळी साठवण, प्रक्रिया आणि विक्रीत वाव आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा प्रकल्पांना ठरावीक खर्चाच्या ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद झाली. अर्जाआधी सध्याच्या अटी मत्स्यव्यवसाय विभागाकडे जरूर विचारून घ्या.