खिडकीतली नागवेल



आज स्टेजवर मिळालेली दहा मिनिटं आम्ही एक चूक कबूल करण्यात घालवणार आहोत. २०२४ च्या दिवाळी कार्यक्रमात मदतनिधीसाठी आम्ही दोघांनी नागवेलीची, म्हणजे विड्याच्या पानांच्या वेलीची, चाळीस रोपं स्टॉलवर ठेवली होती. वीस डॉलर देणगी, एक रोप. तासाभरात टेबल रिकामं झालं, मुलींच्या वसतिगृहासाठी आठशे डॉलर जमले आणि आम्ही भलतेच खूश झालो. होळीपर्यंत फोन यायला लागले. "अहो, तुमची वेल गेली की!" मोजदाद केली, तर चाळिसांतली सत्तावीस रोपं मेली होती.

देणगीदार मंडळी मोठ्या मनाची. "पैसे तर चांगल्या कामाला गेले ना?" म्हणाली. पण प्रत्येक कुंडीवर आम्ही स्वतः छापलेली चिठ्ठी होती: 'रोज थोडं पाणी घाला.' रोपं त्या चिठ्ठीनं मारली.

आम्हा दोघांपैकी एकीचं आजोळ मिरज तालुक्यातलं, घरचा पानमळा. शेवटी मामांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्याकडं पाणी दिलं तर ते पाटानं निघून जातंय. तुझ्या कुंडीतनं ते जातंय कुठं?" आम्ही गप्प. मग दुसरा प्रश्न, "आणि वेल हाय ती. तिला चढाय काय दिलंयस?" आम्ही तर वेल टेबलावर ठेवून खाली सोडली होती, मनीप्लांटसारखी. दोन प्रश्नांत मामांनी आमचं सगळं डीबगिंग करून टाकलं.

आता जरा सविस्तर. नागवेल मिरीच्या कुळातली. सावली, ऊब आणि दमट हवा ही तिची आवड. पानमळ्यात तिला शेवगा, हादगा, पांगारा अशा झाडांचा आधार आणि त्यांचीच विरळ सावली मिळते. शिकागोच्या डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, घरात हीटिंग चालू आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा वेळी वेलीची वाढ जवळजवळ थांबते, म्हणजे ती पाणीही कमी पिते. आपण मात्र जुलैच्या हिशेबानं पाणी ओतत राहतो. गार, ओल्या मातीत मुळं कुजतात. आणि खरी फसगत पुढेच आहे: मुळं कुजली की पानं माना टाकतात, तहान लागली तरी माना टाकतात. लक्षण एक, कारणं दोन. माणूस घाबरतो आणि आणखी पाणी घालतो. तेव्हा आधी बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. कोरडं लागलं तर कोमट पाणी भरपूर घाला, पण तळाच्या भोकातून निथळलेलं पाणी बशीत साचू देऊ नका.

कुंडी मुळांच्या मानानं लहानच बरी. नुसत्या पॉटिंग मिक्सऐवजी त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाईट मिसळा. खिडकी पूर्वेची उत्तम. हिवाळ्यात दक्षिणेचीही चालते, फक्त पानं गार काचेला टेकू देऊ नका आणि कुंडी हीटिंगच्या झडपेवर नको. उजेड कमी पडला तर साधा पांढरा एलईडी दिवा टायमरवर बारा तास लावा. दमट हवेसाठी आम्ही कुंडी बाथरूममध्ये हलवली होती. पण भारतातून आलेल्या आईंनी एकच प्रश्न केला, "ही पानं देवाला वाहणार?" कुंडी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या सिंकपाशी आली. तिथेही छान चाललंय!

चढण्यासाठी काथ्या गुंडाळलेली काठी लावा आणि तो काथ्या ओलसर ठेवा. पेरांवरची मुळं त्याला धरतात आणि वर जाता जाता पानं मोठी होत जातात. खाली लोंबणाऱ्या वेलीची पानं आमच्याकडे रुपयाएवढीच राहिली होती. वेल फार उंच झाली, खालून बोडकी दिसू लागली, तर मामांकडे वर्षातून एकदा ती उतरवतात, म्हणजे खालचा भाग वेटोळं करून मातीत पुरतात. वसंतात आम्ही कुंडीतही तेच केलं. पुरलेल्या पेरांना नवी मुळं आली, शेंडा पुन्हा जोमानं निघाला.

कीड बहुधा पानांच्या मागे असते, लाल कोळी नाहीतर पिठ्या ढेकूण. पान तोंडात घालायचंय, म्हणून औषधं मारू नका. सिंकमध्ये धरून पानांची मागची बाजू पाण्यानं धुवा, दर चार दिवसांनी, कीड जाईपर्यंत. छाटणीची कात्री पुसून घ्या. बऱ्याच पानमळ्यांत चपला घालून आत जाऊ देत नाहीत. आम्हाला ते निव्वळ सोवळं वाटायचं. पण मर रोगाची बुरशी मातीतून पसरते आणि माती पायाला चिकटते, तेव्हा त्या रिवाजात तथ्य आहे.

एक गंभीर सूचना. मनीप्लांटचं पानही बदामाच्याच आकाराचं असतं, पण ते विषारी आहे, चावलं तर तोंडाची आग होते. दोन्ही झाडं घरात असतील तर कुंड्यांवर नावं चिकटवा. एका पूजेत मनीप्लांटच्या पानावर सुपारी ठेवलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. घर कुणाचं ते सांगणार नाही, ते आता इथे बसले आहेत! आणि भारतातून बॅगेत लपवून वेल आणू नका. रोपांना तिथल्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि मातीसकट तर आणताच येत नाहीत.

यंदा स्टॉलवर तीस रोपं आहेत, सगळी आमच्या दोन वेलींच्या तुकड्यांपासून केलेली. चिठ्ठी नवी आहे. ज्यांची वेल गेली त्या सत्तावीस घरांसाठी एकेक रोप बाजूला ठेवलंय, त्याचे पैसे घेणार नाही. उरलेली तीन रोपं वीस डॉलर देणगीला.

नेताना एवढं करा: आधी गाडी गरम करा, मग रोप वर्तमानपत्रात गुंडाळून हॉलबाहेर काढा, आणि ट्रंकमध्ये न ठेवता मांडीवर घ्या.