फोन घ्या, पण पोच सोडू नका

(शाखेच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त गार्डने केलेल्या भाषणाचा मजकूर)



'मोबाइल आणि कामगार' या विषयावर मी बोलावे, असे सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेतले काही जुने सहकारी हसले. त्यांचे हसणे रास्त आहे. आमच्या डेपोत सगळ्यांत शेवटी मोबाइल घेतलेला गार्ड मीच. २००५ साल उजाडेपर्यंत मी तो घेतला नाही. का घेतला नाही, घेतल्यावर काय झाले आणि त्यातून मी काय शिकलो, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतले दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात पैसे पडत, आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. तेव्हा आपल्यापैकी कोणाला विरोध करण्याचीही गरज नव्हती, आपला खिसाच विरोध करत होता! २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि मग मोबाइल आपल्या वस्तीत शिरला. फिटर घेऊ लागले, पॉइंट्समन घेऊ लागले. लॉबीतला क्लार्क मला विचारू लागला, "गार्डसाहेब, नंबर कधी देताय?" मी सांगायचो, "माझा क्वार्टर नंबर तुमच्याकडे आहे. माणूस पाठवा."

हा माणूस म्हणजे कोण, ते नव्या मुलांना सांगायला हवे. भुसावळ असो, इटारसी असो, वाडी असो, रेल्वेच्या प्रत्येक गावात कॉलबॉय होते. गाडीच्या वेळेआधी साधारण दोन तास कॉलबॉय सायकलवरून यायचा, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन. कडी वाजवायचा. ड्रायव्हर किंवा गार्ड उठून दार उघडायचा, आणि कॉलबुकात वेळ टाकून सही करायचा. ती सही साधी नव्हती. मला किती वाजता उठवले, कोणत्या गाडीसाठी उठवले, हे त्या पानावर माझ्या हातचे लिहिलेले राहायचे. विश्रांती पुरी झाली नसेल तर तसा शेरा तिथेच मारता यायचा. तो शेरा पुसण्याची कोणाची छाती नव्हती.

माझ्या विरोधाची दोन कारणे होती. एक, मी नंबर दिला तर कॉलबॉयची पोस्ट जाईल. दुसरे, फोन खिशात आला की साहेब घरात आला.

यातले पहिले कारण मनाने चांगले, पण उपयोगाचे नव्हते. मी नंबर दिला नाही म्हणून पोस्ट वाचली का? नाही वाचली. बाकी सगळ्यांचे नंबर लॉबीच्या भिंतीवर लागले होते. उरलेल्या आम्हा दोघा-तिघांसाठी प्रशासन कॉलबॉय कशाला ठेवील? जुने कॉलबॉय निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी कोणी भरले नाही. मी आपला घरात बसून तत्त्व पाळत होतो. बंधूंनो, एकट्याने केला तो हट्ट आणि सगळ्यांनी मिळून केली ती मागणी. मी हट्ट केला. मागणी करायची ती आम्ही केलीच नाही.

शेवटी मुलीने एक जुना, करड्या रंगाचा फोन आणून हातात ठेवला. ती सासरी होती, दिवस गेलेले होते. म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठल्या स्टेशनवर अडकलात हे आईलासुद्धा माहीत नसतं." यावर मला उत्तर सुचले नाही.

आणि खरे सांगायचे तर त्या फोनने मला सुखही दिले. दोन महिन्यांनी आमची मालगाडी एका आडबाजूच्या स्टेशनवर लूपला टाकलेली होती. एकामागून एक मेल-एक्सप्रेस पुढे काढत होते. पाच तास झाले होते. ब्रेकव्हॅनच्या पायरीवर बसलो होतो आणि फोन वाजला. नात झाली होती. पूर्वी असती तर ही बातमी मला दुसऱ्या दिवशी घरी गेल्यावर कळली असती. माझे वडील वारले तेव्हा मी लाइनवर होतो आणि निरोप माझ्यामागे तीन स्टेशने धावत होता. म्हणून मोबाइलला शिव्या घालणारे भाषण माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दुसरी बाजू दिसली. मी रात्री नऊला साइन ऑफ करून घरी आलो. ड्युटी आठ तासांच्या वर झालेली, म्हणजे मुख्यालयात सोळा तासांची विश्रांती माझ्या हक्काची. रात्री दीड वाजता फोन. "गार्डसाहेब, चारच्या मालगाडीला या." मी म्हटले, "माझी विश्रांती पुरी नाही." पलीकडून आवाज आला, "ते नंतर बघू," आणि फोन बंद. मी गेलो नाही. आठ दिवसांनी खुलासा मागणारे पत्र हातात पडले. त्यात लिहिले होते, 'कॉल देऊनही कामावर हजर झाला नाही.'

आता सिद्ध काय करणार? कॉलबुक असते तर पानावर माझा शेरा असता. फोनमध्ये काय होते? त्या डबड्यात शेवटचे दहा नंबर राहायचे, आठ दिवसांत ते केव्हाच पुसले गेले होते. मी काय बोललो याचा साक्षीदार नाही. मला वाचवले कोणी, तर माझ्या मंडळींनी. स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर होते. त्या तारखेच्या चौकोनात 'एक लिटर' याच्या खाली त्यांनी लिहून ठेवले होते, 'रात्री १.३० लॉबीचा फोन, झोप मोडली.' साइन ऑफच्या रजिस्टरवर नऊची वेळ होतीच. संघटनेने दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या आणि प्रकरण मिटले. पण प्रत्येकाच्या घरी असे कॅलेंडर असते असे नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला राग फोनचा नव्हता. फोन आला त्याचे दुःख नव्हते, सही गेली त्याचे होते.

आणि मित्रहो, गंमत पाहा. फोनवरच्या नुसत्या शब्दावर रेल्वेने कधी विश्वास ठेवलेला नाही. स्टेशन मास्तर गेटमनला फाटक बंद करायला सांगतो, तेव्हा नुसते "हो साहेब" चालते का? खासगी क्रमांक द्यावा लागतो आणि दोन्हीकडे वहीत लिहावा लागतो. टपालातल्या भावांचे तेच. रजिस्टर पत्राची पोचपावती असायची. पत्र दिले असे म्हणून चालत नसे, घेणाऱ्याची सही लागायची. गाडी आणि पत्र यांच्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती कामगाराच्या झोपेसाठी का नको?

हाच मुद्दा घेऊन आमची शाखा उभी राहिली. मागणी साधी होती: कॉल देणाऱ्याने आपले नाव सांगावे, अनुक्रमांक द्यावा, आणि कामगाराचे उत्तर त्याच्या शब्दांत रजिस्टरमध्ये लिहावे. सहा महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी लॉबीत तसे रजिस्टर ठेवले गेले. मी एकट्याने जे चार वर्षांत केले नाही, ते सगळ्यांनी मिळून सहा महिन्यांत झाले. पुढे संगणक आला, फोनवर संदेश येऊ लागले. लेखी संदेश तोंडी कॉलपेक्षा बरा, हे मी मान्य करतो. पण तो आला म्हणजे मिळाला असे नाही, आणि मिळाला म्हणजे मान्य असेही नाही.

माझा धाकटा भाऊ पोस्टमन होता. तो सांगतो ते ग्रामीण डाकसेवकांचे दुखणे याहून मोठे आहे. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दर्पण प्रकल्पातून शाखा डाकघरांत हातातली यंत्रे आली. कामाला मदत झाली, नाही म्हणता येत नाही. पण कमलेश चंद्र समितीनंतर २०१८ पासून डाकसेवकाचा मोबदला ठरतो तो चार किंवा पाच तासांच्या कामावर. आणि फोन वाजतो सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. आज किती खाती उघडली? फोटो पाठवा. आकडा पाठवा. रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन पाठवा. हा टेकडीवरचा वेळ कोणत्या तासात धरायचा?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-संदेशांबाबत कामगार संघटनांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशा हक्कासाठी खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर दहा तासांची ड्युटी कशी मिळाली ते आठवा. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग कामगारांनी संप केला तेव्हा सरकारने ती मान्य केली. कागदावर आलेल्या त्या दहा तासांची राखण आजही करावी लागते आहे.

म्हणून चार गोष्टी सांगतो आणि बसतो. प्रत्येकाने खिशात एक छोटी वही ठेवावी. विश्रांतीत आलेला कामाचा प्रत्येक फोन तारीख, वेळ आणि नाव घालून लिहावा. महिन्याच्या शेवटी ती पाने शाखेत आणून द्यावीत, कारण एकाची वही म्हणजे तक्रार, पन्नास जणांच्या वह्या म्हणजे पुरावा. आणि गाडी चालू असताना किंवा सायकलवर टपाल वाटताना फोन कानाला लावू नये. तो नियम आपल्याच जिवाचा आहे.

माझा तो करडा फोन केव्हाच बंद पडला. त्या वर्षीच्या कॅलेंडरचे पान मात्र मंडळींनी जपून ठेवले आहे. आज पिशवीत घालून आणले आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे, आणि वही कशी लिहायची ते त्यावरून शिकावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!